फ्लेक्सवरील देवनागरी अक्षरांना बाह्यरेषा द्यावी की देऊ नये?

धागाकर्ता (मांडणीकार, विश्रामबाग, सांगली)

गणेशोत्सव जवळ आला की सांगलीच्या चौकाचौकांत मंडळांचे फ्लेक्स लागतात, आणि त्यांतील जवळजवळ प्रत्येक फ्लेक्सवर गर्दीच्या छायाचित्रावर अक्षरे ठेवून त्यांना जाड पांढरी किंवा काळी आउटलाइन, म्हणजे कडेने फिरणारी बाह्यरेषा, मारलेली असते. ही सवय देवनागरीला मारक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या लिपीत कित्येक अक्षरांची ओळख एका लहानशा फटीवर अवलंबून असते. 'ध' आणि 'भ' यांच्या डोक्यावरची शिरोरेघ डावीकडे तुटलेली असते. बाह्यरेषेने ती फट बुजली की 'धन'चे 'घन' होते आणि 'भर'चे 'मर' वाचले जाते. 'ब'च्या पोटातील तिरकी रेघ आणि तिच्या बाजूची मोकळी जागा एकत्र बुजली, तर ते अक्षर 'ब' आहे की 'व', हे रस्त्याच्या पलीकडून कळत नाही. रोमन लिपीत अशा वेळी अक्षरांतील अंतर वाढवता येते; आपण ते वाढवले तर शिरोरेघच तुटते. म्हणून छायाचित्राचा तेवढा भाग आधी गडद किंवा धूसर करावा, नाहीतर अक्षरांखाली सपाट पट्टी द्यावी. बाह्यरेषा हा शेवटचा उपाय असावा.

प्रतिसाद (फ्लेक्स छपाई, पोवई नाका, सातारा)

मला हे मान्य नाही. छायाचित्र ग्राहक देतो, त्यातील एकही चेहरा झाकलेला त्याला चालत नाही, आणि अक्षरे पिवळीच हवीत असा त्याचा आग्रह असतो. शुद्ध पिवळ्या आणि पांढऱ्या रंगांच्या उजळपणातील तफावतीचे गुणोत्तर केवळ १.०७ आहे (१ म्हणजे काहीच फरक नाही), तर वेबसाठीच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत मोठ्या अक्षरांनाही किमान ३ लागते. छायाचित्राच्या पांढऱ्या भागावर काळी रेघ नसेल तर अक्षर दिसणारच नाही.

दोष बाह्यरेषेचा नसून ती कोठे आणि कशी मारली याचा आहे. कोरलड्रॉ या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये रेघ अक्षराच्या कडेवर मध्यभागी बसते, म्हणजे तिची अर्धी जाडी अक्षर खाऊन टाकते. 'बिहाइंड फिल' (भरलेल्या रंगामागे) हा पर्याय निवडला की रेघ रंगाच्या मागे जाते आणि अक्षराची मूळ जाडी शाबूत राहते. बाहेर हवी त्याच्या दुप्पट जाडी मात्र द्यावी लागते. फोटोशॉपच्या स्ट्रोकमध्ये, म्हणजे तिथल्या बाह्यरेषेत, 'आउटसाइड' (बाहेर) हा पर्याय त्याचसाठी आहे.

दुसरी गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. देवनागरी फाँटमध्ये शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेघा एकमेकींवर चढलेल्या असतात, त्यामुळे कोरलमध्ये थेट रेघ मारली की प्रत्येक सांध्यावर उभा चिरा दिसतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटांत तर काने-मात्रेही सुटे असल्यामुळे हा त्रास फारच वाढतो. आधी अक्षरे कर्व्ह करावीत, म्हणजे मजकुराचे आकारांत रूपांतर करावे, मग वेल्ड करावीत, म्हणजे ते आकार जोडून एकसंध करावेत, आणि त्यानंतरच रेघ द्यावी. फोटोशॉपचा स्ट्रोक संपूर्ण लेयरच्या (चित्राच्या थराच्या) आकाराभोवती फिरतो, म्हणून तेथे सांधे दिसत नाहीत. गिंप या मोफत चित्र-सॉफ्टवेअरमध्ये 'अल्फा टू सिलेक्शन' करून, म्हणजे अक्षरांचा आकार निवडून, ती निवड काही पिक्सेलने वाढवावी आणि खालच्या लेयरवर रंग भरावा. मार्च २०२५ मध्ये आलेल्या गिंप ३.० मध्ये मजकुराच्या साधनातच बाह्यरेषा मिळते आणि मजकूर नंतरही बदलता येतो. कोपरे गोल ठेवावेत, नाहीतर टोकदार वळणांवर काटे उगवतात.

धागाकर्ता

सांध्यांचा मुद्दा अगदी योग्य आहे आणि वेल्ड न करता दिलेले काम मीही परत पाठवतो. तथापि, रेघ बाहेर काढली तरी 'ध'ची फटही अक्षराच्या बाहेरच असते, ती वाचत नाही. मागे टाकलेली रेघ अक्षराची जाडी राखते, पोकळी राखत नाही. माझा आक्षेप तेवढाच आहे आणि तो आपल्या उत्तरानंतरही कायम आहे.

प्रतिसाद (शिक्षिका, मिरज)

पहिली-दुसरीची मुले रस्त्यावरच्या पाट्या वाचत चालतात, तेव्हा ती कोठे अडखळतात हे मी रोज पाहते. रफार आणि त्याला लागून आलेला अनुस्वार बाह्यरेषेत एकत्र झाला की त्यांना तो ठिपका दिसतच नाही. त्यामुळे मी पट्टीच्या बाजूची आहे. ग्राहकाला चेहरे झाकायचे नसतील, तर नावे खाली वेगळ्या पट्टीवर घेता येतात, आणि हे त्याला समजावून सांगणे छपाईवाल्याच्याच हाती आहे.

प्रतिसाद (फ्लेक्स छपाई, सातारा)

समजावून सांगतो, पण उत्सवाच्या आदल्या रात्री अकरा वाजता आलेला ग्राहक मांडणी बदलायला तयार होत नाही. ध, भ आणि अनुस्वार असलेल्या शब्दांची रेघ यापुढे बारीक ठेवीन आणि पडद्यावरचे चित्र अगदी लहान करून तो शब्द आधी वाचून पाहीन. पिवळ्या अक्षराची काळी रेघ मात्र मी काढणार नाही.