‘शब्दातीत’ आणि ‘अनिर्वचनीय’ एकच का?

‘सूर्योदय पाहून शब्दातीत आनंद झाला’ असं सर्रास लिहितात. कुणी तिथेच ‘अनिर्वचनीय’ही लिहितं. दोन्ही एकच का? आणि शब्दांपलीकडे खरंच काही असतं, की ही लिहिणाऱ्याची पळवाट?

— बहुतेकदा पळवाटच! पण ‘अनिर्वचनीय’ला त्यात ओढू नका. अद्वैत वेदान्तात अंधारात दोरीच्या जागी दिसलेला साप अनिर्वचनीय: ‘आहे’ म्हणावं तर दिवा आणताच जातो, ‘नाही’ म्हणावं तर दिसला होता. आनंद किती झाला याच्याशी त्याचा संबंध नाही. सूर्योदयाला ‘अवर्णनीय’ पुरे.

— दुसऱ्या प्रश्नाबद्दल. प्राचीन व्याकरणकार भर्तृहरी ‘वाक्यपदीय’ या ग्रंथात म्हणतो, ‘न सोऽस्ति प्रत्ययो लोके यः शब्दानुगमादृते’. शब्दाची सोबत नसलेली जाणीव जगात नाही. मला हे पटत नाही. दुखण्याचेच शब्द पाहा: ठणका, सणक, कळ, चमक, ठसठस, चुरचुर, हुळहुळ. नखाशी पू झाला की ठसठसतं, खरचटलेल्यावर पाणी पडलं की चुरचुरतं. अदलाबदल केलीत तर घरातलं कुणीही हटकेल. शब्दांमुळे हे भेद पक्के झाले, दुसऱ्याला सांगता आले, एवढं कबूल. पण एकही शब्द न येणारं तान्हं मूल गरम वाटीवरून हात झटकन मागे घेतंच की. नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, प्रत्यक्षाचे (इंद्रियांनी होणाऱ्या ज्ञानाचे) निर्विकल्प आणि सविकल्प असे दोन प्रकार मानले ते उगाच नाही. आधी नुसतं जाणवणं, नाव-जातीसकट ओळखणं नंतर.

— जाणवणं ठीक, पण विचार? त्याला तरी भाषा लागेलच ना?

— वाचाघाताचे, म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषा बिघडलेले, रुग्ण पाहा. 2005 मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी अशा तिघांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वाक्यात कोणी कोणाला मारलं हे त्यांना धड लागत नव्हतं, पण कंसांची गणितं ते सोडवत होते. कंसातलं आधी करायचं हा काही साधा विचार नाही.

— तरी भर्तृहरी इतक्यात निकालात निघत नाही. त्याचा ‘शब्द’ म्हणजे फक्त तोंडातून निघणारी वैखरी नव्हे. मागे मध्यमा, म्हणजे मनातल्या मनात चालणारी वाणी, आहे, तिच्याही मागे पश्यंती, जिथे शब्द आणि अर्थ वेगळे पडलेलेच नसतात. वाचाघाताने तिथवर धक्का पोचला, हे कुणी दाखवलंय?

— मग ‘शब्द’ हा शब्द इतका ताणलात की त्याच्या बाहेर काही उरणारच नाही. तान्ह्या मुलाचा झटकलेला हातही पश्यंतीच म्हणणार का?

— हो, म्हणतो. भर्तृहरी तर बाळाच्या तोंडून निघणाऱ्या पहिल्या आवाजामागेही पूर्वजन्मीचा शब्दसंस्कारच मानतो.