उरलेलं रोस्ट बीफ आणि बोर्डोची रेड वाईन

लीड्सकर: रविवारी टॉपसाइड (बीफच्या मांडीचा कमी चरबीचा तुकडा) रोस्ट केलं होतं. बराच तुकडा उरलाय, आतून छान गुलाबी. घरात २०१६ ची ओ-मेदॉकची, म्हणजे बोर्डोजवळच्या मेदॉक भागातल्या रेड वाईनची, बाटली आहे. उद्या रात्री मांस गरम करून वाढू की तसंच? बायको म्हणतेय, काळा मसाला घालून सुकं परतू. त्याबरोबर ही वाईन चालेल?

गारोनकाठ: गरम अजिबात करू नका! गुलाबी मांस पुन्हा तापलं की राखाडी, कोरडं होतं आणि त्याला शिळा वास येतो. अर्धा तास आधी फ्रीजबाहेर काढा. अगदी थंड मांसाबरोबर वाईनचा तुरटपणा जास्तच बोचतो. धाग्यांना आडवे, अगदी पातळ काप करा आणि वर जाडं मीठ भुरभुरा. मांस आणि मीठ दोन्हींमुळे टॅनिन, म्हणजे वाईनमधला तो तुरट घटक, मवाळ लागतं.

टॉपसाइडला चरबी कमी, तिथेच खरी अडचण आहे. रोस्टच्या ट्रेमध्ये सुटलेली चरबी ठेवली असेल तर उकडलेले बटाटे तिच्यात खरपूस परता. या वाईनला तो स्निग्धपणा हवाच. मी बोर्डोत राहते, आमच्याकडे रोस्ट उरलं की दुसऱ्या दिवशीचा बेत हाच. मला तर तो रविवारच्या जेवणापेक्षा जास्त आवडतो.

मेदॉक म्हणजे बोर्डोच्या नदीचा डावा काठ, तिथे कॅबरने सोव्हिन्यों या द्राक्षाचा जोर, आणि २०१६ चं टॅनिन चांगलं भक्कम. तासभर आधी जगमध्ये ओतून ठेवा. १६ ते १८ अंशांवर प्या, हीटरजवळ ठेवू नका. मोहरीची चटणी चमचाभर चालेल, हॉर्सरॅडिश (तिखट मुळाची चटणी) मात्र नको, नाकात जाणाऱ्या त्या झणक्यापुढे वाईनची चवच कळत नाही.

वहिनींचं सुकं मस्तच होईल, पण या बाटलीबरोबर नको. मिरचीनं टॅनिन कडवट लागतं, अल्कोहोल घशात जळतं. त्याबरोबर बिअर घ्या.

खवय्या_पुणे: गरम काही हवंच असेल तर शॅलट (छोटे, सौम्य कांदे) बारीक चिरून लोण्यात परता, स्वयंपाकाची साधी रेड वाईन घालून निम्मी आटवा आणि तो सॉस कापांवर ओता. मांस चुलीवर चढत नाही, तरी ताट गरम लागतं.

गारोनकाठ: हे उत्तम! शेवटी लोण्याचा छोटा तुकडा घाला.

लीड्सकर: ठरलं, उद्या काप आणि बटाटे. सुकं बुधवारी. दोघांत बाटली संपणार नाही, उरलेली टिकेल?

गारोनकाठ: बूच घट्ट लावून फ्रीजमध्ये ठेवा, दोन दिवस चांगली राहते. प्यायच्या तासभर आधी बाहेर काढा.