मूळव्याधीच्या ऑपरेशनचा बारावा दिवस: बारीक, काळं आणि दिवसातून पाचदा

सुदामा नगर, इंदूर
वय ४९, शाळेत शिकवते. मोड कापून काढले त्याला आज १२ दिवस झाले. आधी सकाळी सहाचा चहा झाला की पोट साफ व्हायचं, मग दिवसभर आठवण नाही. ऑपरेशननंतर तीन दिवस काहीच झालं नाही. चौथ्या दिवशी खडा. डोळ्यांसमोर अंधारी आली. आता चार-पाच वेळा जावं लागतं, करंगळीएवढं बारीक होतं, आणि उठलं तरी आत काहीतरी राहिलंय असंच वाटतं. परवापासून रंगही काळा. माझी आत्या आतड्याच्या कॅन्सरने गेली, त्यामुळे रात्री झोप नाही.

रात्री दोन चमचे इसबगोल घेते. दुखण्यावरची ट्रॅमॅडॉल गोळी पाच दिवस होती, आता बंद. हिमोग्लोबिन ९.२ निघालं म्हणून चार दिवसांपासून लोहाची गोळी. जायचीच इतकी भीती बसलीय की खाणंच कमी केलंय. पोहे घरात रोज होतात, मी चार घास खाऊन उठते. असं केलेलं चालेल का?

रामबागवाले काका
ताई, उपाशी राहू नका. मी हेच केलं होतं. पोटात काही नाही म्हणून आतडी हलेनात, आणि सहाव्या दिवशी पुन्हा खडा. इसबगोल किती पाण्यात घेता? मी अर्ध्या कपात कालवून गिळायचो, ते पोटात घट्ट बसायचं. नीमच-मंदसौरकडे पिकणारी ती भुशी पाणी शोषून फुगते. मोठा पेलाभर पाणी, आणि दिवसभरही भरपूर पाणी लागतंच. पोहे खा, फक्त वरची तिखट शेव महिनाभर नको. कमोडवर पायाखाली पाट घ्या, कुंथू नका, पाच मिनिटांत झालं नाही तर उठा. नंतर कोमट पाण्याच्या टबात दहा मिनिटं बसा. माझं वेळापत्रक रुळावर यायला पाच आठवडे लागले.

सर्जरी वॉर्डातली सिस्टर
लोहाच्या गोळीने शौचाला काळं होतं, पोट घट्टही होतं. मात्र डांबरासारखं चिकट, उग्र वासाचं असेल तर लगेच दाखवा. ट्रॅमॅडॉलने आतडी मंदावतात, पहिला खडा बहुधा त्यातलाच. बारीक होण्याचं कारण आतली सूज आणि वेदनेने आवळून धरलेला स्नायू. सूज आत असली की काही राहिल्याचा भासही होतो. जखम भरल्यावरही बारीकच राहिलं किंवा वाढत गेलं, तर वाट आकसलीय का ते सर्जन बोटाने तपासतील.

पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात चार थेंब रक्त दिसू शकतं. धार लागली, गाठी पडल्या, चक्कर आली, ताप आला, लघवी अडली, तर रात्रीसुद्धा दवाखाना गाठा. आत्यांचं सर्जनना सांगा. ४९ वय आणि घरातला इतिहास बघता, जखम भरल्यावर कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, करायची का हे विचारायलाच हवं.

सुदामा नगर, इंदूर
आज सर्जनना दाखवून आले. काळेपणा लोहाचाच, गोळी एक दिवसाआड करायला सांगितलंय. आत्याचं मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. ते ऐकून त्यांनी स्वतःच कोलोनोस्कोपीचं नाव काढलं, दोन महिन्यांनी. घरी येऊन वाटीभर पोहे खाल्ले, शेव न घालता.