शब्दचर्चा : 'बाळबोध' लेखन म्हणजे नेमके कसे?

नवी पेठ

आमच्या कट्ट्यावर 'तारक मेहता का उल्टा चश्मा'वरून नेहमीचा वाद रंगला. विषय जुनाच, की आधीचे भाग चांगले होते आणि आताचे बघवत नाहीत. मालिका 28 जुलै 2008 ला सुरू झाली, म्हणजे हा वाद घालणाऱ्यांतले काही जण तेव्हा शाळेत होते. या वेळी नवीन एवढेच झाले की दोघांनी एकच शब्द वापरला आणि अर्थ उलटे निघाले. एक म्हणाला, "सुरुवातीला किती बाळबोध होती, म्हणून तर घरातले सगळे मिळून बघायचो." दुसरा म्हणाला, "आता फार बाळबोध झालीय, म्हणून तर मी सोडली." दोघेही कट्टर चाहते, दोघांचेही मराठी चांगले.

मग बाळबोध म्हणजे कौतुक की टीका? आणि याला जोडूनच दुसरे. आत्माराम तुकाराम भिडे या पात्राला 'बाळबोध वळणाचा माणूस' म्हणता येईल का? तिथेही एकमत झाले नाही. जाणकारांनी सांगावे.

बोरू

शब्दाचे मूळ लिपीत आहे. आज जिला आपण देवनागरी म्हणतो तिला मराठीत बाळबोध म्हणत, कारण शेजारी मोडी होती. पोथ्या आणि छापील पुस्तके बाळबोधीत. पत्रे, हिशेब, दस्तऐवज मोडीत. 1950 च्या सुमारास मोडी शाळांतून आणि सरकारी वापरातून गेली. जोडीतली एकच उरल्यावर तिला वेगळे नाव कशाला लागते? नाव सुटले आणि विशेषण तेवढे मागे राहिले.

मी जुने दस्त वाचून देतो, म्हणून हा फरक रोज डोळ्यांसमोर असतो. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरे लटकवत न्यायची. हात शक्यतो उचलायचा नाही. दोन शब्दांत जागा सोडलेली नसते, इकार-उकारांत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळलेला नसतो. सगळी सोय लिहिणाऱ्याची. 'दिन' की 'दीन' हे वाचणाऱ्याने मागचापुढचा संदर्भ लावून ठरवावे. बाळबोधीत प्रत्येक अक्षर सुटे, काना-मात्रा जागेवर. मुलालाही कळावे म्हणून लिहिणारा जास्त कष्ट घेतो.

माझ्या मते हाच धागा मालिकेच्या लेखनाला लावावा. सुरुवातीच्या भागांत जेठालालला बापूजींपासून काय लपवायचे आहे, ते कोणाच्या तोंडून फुटणार आणि फुटल्यावर कोण चिडणार, हे पाच मिनिटांत कळायचे. तरी शेवटपर्यंत हसू यायचे, कारण ते फुटायचे कसे, याचा नीट विचार केलेला असायचा. हे बाळबोध लेखन. आळशी माणसाला ते जमत नाही. तुमच्या पहिल्या मित्राचा प्रयोग मला बरोबर वाटतो. दुसऱ्या मित्राला जे म्हणायचे आहे त्यासाठी त्यांनी दुसरा शब्द शोधावा.

रातपाळी

अहो मालक, एवढं अवघड करून कशाला सांगलालाव? दुसऱ्या मित्राला शब्द मी देतो. आताचे लिहिणारे पाट्या टाकलालेत. विषय संपला.

कोथरूडस्थ सोलापूरकर

बोरूकाका, माहिती छान आहे, पण निष्कर्ष पटला नाही. शब्द मूळ अर्थाला बांधलेला नसतो. आज परीक्षणात 'कथानक बाळबोध आहे' असे वाचले की कोणी त्याला शाबासकी समजत नाही. लहान मुलाला सांगावे तसे मोठ्यांना सांगितले, असाच अर्थ घेतात. विनायक कोंडदेव ओकांनी 1881 मध्ये मुलांसाठी मासिक काढले त्याचे नाव 'बालबोध' होते. तिथे ते नाव शोभते, कारण वाचक मुलेच होती. मोठ्यांच्या लेखनाला तेच विशेषण लावले की आपोआप टोमणा होतो.

साधा, भोळा, सरळ या शब्दांचेही थोडेफार हेच झाले आहे. 'तो फार साधा आहे' यात कौतुक किती आणि कीव किती, हे बोलणाऱ्याचा सूर ऐकल्याशिवाय सांगता येते का? मग बिचाऱ्या बाळबोधलाच जुन्या अर्थाची सक्ती का?

बोरू

सक्ती नाही. पण जुना अर्थ मेलेला नाही, हे तुम्हीही मान्य कराल. 'बाळबोध घराणे', 'बाळबोध वळण' यांत आजही टोमणा नाही. स्थळ बघायला गेलेले लोक हे शब्द वापरतात तेव्हा ते मुलीची टिंगल करत नसतात. म्हणजे माणसाला लावला की मान आणि गोष्टीला लावला की टीका, अशी विभागणी झाली आहे. ती का झाली, हे खरे बघण्यासारखे आहे. माझा अंदाज असा की गोष्टीत आपल्याला थोडे फसवून घ्यायला आवडते. सुनेत आवडत नाही.

शेंगाचटणी

सुनेचे उदाहरण आलेच! असो. मी भिड्यांबद्दल लिहिते.

भिडे बाळबोध अजिबात नाही. बाळबोध माणूस स्वतःचा गाजावाजा करत नाही. हे गृहस्थ दर दोन वाक्यांनंतर 'गोकुलधाम सोसायटी का एकमेव सेक्रेटरी' अशी स्वतःची ओळख करून देतात. शिकवण्या घेतात, मुलांच्या चेंडूने काच फुटली की आकाशपाताळ एक करतात, जुन्या काळाचे दाखले देतात, पैशाला जपतात, आणि स्कूटरला सखाराम म्हणतात. या माणसाला मराठीत नेमका शब्द आहे, पंतोजी. त्यात मानही आहे आणि चिमटाही. मंदार चांदवडकरांनी तो चिमटा नीट ओळखला आहे. भिडे रागावला की आपल्याला त्याची भीती वाटत नाही, आणि त्याचा रागही येत नाही.

बाळबोध वळण असलेच तर माधवीभाभींचे. आणि तिथे माझी तक्रार आहे. घरून लोणची-पापडांचा धंदा करणारी बाई इतकी वर्षे पडद्यावर आहे. मी स्वतः कडक भाकरी आणि चटणीच्या ऑर्डरी घेते. उधारी वसूल करणे, ऊन नसेल त्या दिवशी वाळवण कुठे घालायचे, शेंगदाण्याचा भाव वाढला की गिऱ्हाइकाला कसे सांगायचे, या प्रत्येकातून भाग निघतो. ते सोडून लेखक पोपटलालचे एक स्थळ मोडले की दुसरे आणतात. धंदा सांभाळणारी बाई नुसती 'समंजस' म्हणून बसवून ठेवायची, हा लेखनाचा कंटाळा आहे. याला पाट्या टाकणे म्हणत असाल तर माझी ना नाही.

पूर्व भाग

ताई, पंतोजी शंभर टक्के.

पाट्या टाकण्याबद्दल मात्र थोडे. पाटी म्हणजे टोपली. मातीकामावरचा मजूर पाटी भरतो, नेऊन टाकतो, परत येतो. माती कुठली आणि भराव कशाचा, हे त्याला कोणी विचारत नाही. आमचे आजोबा 1972 च्या दुष्काळात कामावर होते. ते म्हणायचे, पाट्या टाकणे हीसुद्धा मेहनतच असते, फक्त तिच्यात डोके घालायची मुभा नसते. म्हणून हा शब्द लेखकांना लावताना मी जरा थांबतो.

हिशेब बघा. तारक मेहतांचे मूळ गुजराती सदर 'चित्रलेखा' साप्ताहिकात 1971 पासून येत होते. सदर म्हणजे आठवड्याला एक लेख, तोही एका माणसाच्या नजरेतून आणि त्याच्याच भाषेत. मालिकेचे चार हजारांवर भाग झाले, आठवड्याला पाच-सहा या चालीने. त्यात माणसे जात राहिली. 2017 नंतर जेठालालची बायको दया दिसली नाही. डॉ. हाथी झालेले कवी कुमार आझाद 2018 मध्ये गेले, नट्टूकाका झालेले घनश्याम नायक 2021 मध्ये. तारक मेहता झालेले शैलेश लोढा 2022 मध्ये बाहेर पडले. जेठालाल-दयाची जोडी हा घराचा आढा होता. तो निघाल्यावर बाकीच्या वाशांनी किती तोलून धरायचे?

आमच्याकडे एका वाड्यात तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू बोलणारे बिऱ्हाडाला बिऱ्हाड लागून राहतात. गोकुलधाम आम्हाला म्हणूनच खोटे वाटले नाही. तिथले भांडण पाण्याचे, पार्किंगचे आणि गणपतीच्या वर्गणीचे होते तोवर ते आमचेच होते. पुढे गुप्तहेर, चोर, अपहरण असले काही आले की वाडा संपला आणि सिनेमा सुरू झाला. मला वाटते घसरण तिथे आहे. त्याला बाळबोध म्हणणे चूक, कारण ते उलट भडक आहे.

रातपाळी

आजोबांचं बरोबर आहे. कारखान्यात मागावर उभारणारा पण पाट्याच टाकतो म्हणा की, पण धागा तुटला तर थांबून जोडतो. चादरीत भोक ठेवून पुढं जात नाही. ह्यांनी दया परत येणार येणार म्हणून किती वेळा झुलवलं सांगा बरं. बसची वाट बघितल्यागत बघलालो आम्ही. त्याला पाट्या टाकणं पण म्हणू नका. ते गाजर दाखवणं आहे.

होटगी

आमच्या घरातला अर्थ सांगतो, तो कोणत्याच कोशात मिळणार नाही. आमची आज्जी कन्नड बोलते. तिच्या कन्नडात 'भाळ' म्हणजे लई. मी एकदा बोललो की ही मालिका बाळबोध आहे. तिने ऐकलं 'भाळ बोध', म्हणजे लई बोध. ती म्हणाली, हो, खरंच लई बोध करतात, शेवटी तो चष्मेवाला उभा राहून सांगतोच की काय शिकायचं ते.

कोथरूडस्थ सोलापूरकर

आज्जींना साष्टांग नमस्कार. आख्ख्या चर्चेतली सगळ्यात नेमकी टीका त्यांनी केली.

खरेच बघा. साधेपणा ही अडचण कधी नव्हती, बोध होती. पूर्वी प्रसंग आधी व्हायचा आणि त्यातून निघाला तर बोध निघायचा. मग क्रम उलटला. 2014 मध्ये स्वच्छ भारत अभियानासाठी पंतप्रधानांनी जी नऊ नावे घेतली त्यांत या मालिकेचा चमूही होता. तो मान होता, यात वाद नाही. पण विनोदी मालिकेच्या मानेवर समाजसेवेचे जू बसले की पात्रे भाषण करू लागतात. पाणी वाचवा, कचरा टाकू नका, हेल्मेट घाला. जेठालालच्या तोंडी बोध आला की जेठालाल संपला. त्याची सगळी गंमत चुकण्यात आणि चूक लपवण्यात आहे.

बोरूकाका, लेखनाला बाळबोध म्हणणारे बहुतेक लोक नकळत आज्जींच्या अर्थानेच म्हणतात, असे माझे आता मत झाले आहे.

बोरू

मग त्यासाठी 'बोधप्रद' किंवा सरळ 'उपदेशी' हे शब्द तयार आहेत. बाळबोधला सोडा की!

कोथरूडस्थ सोलापूरकर

नाही सोडत. 'बोधप्रद' बक्षीस समारंभात बोलतात. रागाने टीव्ही बंद करणारा माणूस 'बोधप्रद' म्हणेल का?

नवी पेठ

तुमच्या दोघांत मी पडत नाही. पण पूर्व भाग यांना एक विचारायचे होते. ही मालिका मराठीत 'गोकुळधामची दुनियादारी' या नावाने 'फक्त मराठी' या वाहिनीवर आली, ती पाहिली का? भिड्याचे पंतोजीपण त्यात टिकते का?

पूर्व भाग

पाहिली, थोडी. नाही टिकत. हिंदी बोलणाऱ्या घोळक्यात भिड्याचे मधूनच येणारे 'अगं' आणि माधवीचे 'अहो' कानाला लागायचे. सगळेच मराठी बोलू लागल्यावर भिडे गर्दीत मिसळून गेला. जेठालालचा गुजराती हेल, सोढीची पंजाबी आणि अय्यरची तमिळ ढब हीच या पात्रांची अर्धी ओळख आहे. भाषांतर करणाऱ्याला दोष देत नाही. सोलापूरच्या वाड्यातल्या चार घरांना एकाच प्रमाण मराठीत बोलायला लावले तर आम्हीही एकमेकांना ओळखणार नाही.

शेंगाचटणी

अय्यरवरून आठवले. पात्रांच्या या हेलांना कोणी 'साचा' म्हणते, कोणी 'लकब'. मला फरक असा वाटतो की लकब माणसाची असते, साचा जातीचा किंवा प्रांताचा. दयाचे गरबा करत उड्या मारणे ही लकब. मराठी माणूस म्हणजे कंजूष आणि मास्तर, हा साचा. भिडे साच्यातून सुरू झाला आणि लकबीवर आला, तिथे लेखकांना आणि नटाला दोघांना गुण. पोपटलाल उलटा गेला. सुरुवातीला छत्री घेऊन फिरणारा, दुनिया हलवून टाकायची धमकी देणारा पत्रकार होता. आता नुसता घोडनवरा उरलाय.

होटगी

घोडनवरा हा शब्द तरी कसा झाला? यात घोडा कुठून आला?

बोरू

'घोड' म्हणजे इथे मोठे, प्रमाणाबाहेरचे. घोडचूक शब्दात आहे तेच. वरातीच्या घोड्याशी संबंध लावू नका. मी ऐकलेल्या जुन्या बोलण्यात घोडनवरीच जास्त यायची, कारण लग्नाचे वय उलटल्याचा ठपका मुलींवरच असायचा. पुरुषाला त्या शब्दात नुसती थट्टा असते, बाईला मात्र तो लागायचा. पोपटलालच्या जागी एखादी बाई दाखवून इतकी वर्षे हाच विनोद चालवला असता तर लोकांनी मालिका बंद पाडली असती.

शेंगाचटणी

काका, यावर वेगळा धागा काढा. तिथे मी सविस्तर भांडते.

रातपाळी

काढा काढा. आता निघलालो, पाळी बदलली.