टॅग परत का शोधावा लागतो?
देवमाशाच्या पाठीवर चिकटवलेल्या टॅगमधली, म्हणजे आवाज टिपणाऱ्या छोट्या यंत्रातली, माहिती थेट उपग्रहाकडे का पाठवत नाहीत, असा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. खाऱ्या पाण्यातून रेडिओलहरी जवळजवळ जातच नाहीत आणि देवमासा वर येतो तो श्वासापुरता. तेवढ्यात ठिकाण कळवता येतं, तासन्‌तास टिपलेले आवाज नाहीत. म्हणून अमेरिकेतल्या वुड्स होल या सागर-संशोधन संस्थेत तयार झालेला डी-टॅग सगळं स्वतःजवळच साठवतो. लांब काठीने पाठीवर टेकवला की त्याचे रबरी कप आतली हवा निघून गेल्याने चिकटतात. पुढे तो सुटून तरंगतो आणि रेडिओ-संकेतावरून शोधून काढतात.

मला थक्क करतं ते २०१८ मधलं कॅलिफोर्नियाच्या माँटरे उपसागरातलं काम. अशाच चिकटणाऱ्या टॅगच्या कपांत इलेक्ट्रोड (हृदयाचे विद्युत संकेत टिपणारे भाग) बसवून निळ्या देवमाशाच्या हृदयाचे ठोके मोजले. खोल बुडीत मिनिटाला फक्त २ पर्यंत उतरलेले, वर आल्यावर ३७ पर्यंत! तेही कातडीला काहीही न टोचता.