मदत हवी आहे: ९ वर्षांच्या मुलीला गाण्याच्या रिअ‍ॅलिटी शोला पाठवावं का?

नमस्कार मंडळी. माझी मुलगी ३ वर्षं शास्त्रीय गाणं शिकतेय. आता ऑडिशनला जायचंच म्हणून हटून बसलीय. परवा रियाजात भूप रागाची बंदिश संपली आणि तानपुरा चालू असतानाच हात जोडून म्हणाली, "आवडलं असेल तर मला वोट करा." माझ्या पोटात गोळाच आला.

२००८-०९च्या मराठी लिटिल चॅम्प्स या लहान मुलांच्या गाण्याच्या शोचे आम्हीही वेडे होतो. अंतिम फेरीतले कार्तिकी, आर्या, मुग्धा, प्रथमेश, रोहित घरातलेच वाटायचे आणि पाचही जण आजही गातात. पण त्याआधी बाद झालेल्या मुलांचं काय? हरल्यावर रडणाऱ्या पोराच्या तोंडावर कॅमेरा नेतात, ते मला फार खटकतं.

२०१७च्या बालकामगार नियमांत दिवसाला ५ तासांची मर्यादा, सलग ३ तासांपेक्षा जास्त काम नाही आणि कमाईचे किमान २० टक्के मुलाच्या नावे मुदत ठेवीत, असं आहे. सेटवर हे खरंच पाळतात का? शाळेचं कसं जमवलंत?

ज्यांची मुलं जाऊन आलीत त्यांनी कृपया सांगा. परत आल्यावर ती पूर्वीसारखी रियाजाला बसली का? ऑडिशन पुढच्या महिन्यात आहे.