४ वर्षं आणि दीड वर्षाची पोरं घेऊन भर उन्हाळ्यात थीम पार्क, कसं जमवायचं?

दमलेली_आई

मंडळी, छोटी झोपलीये तोवर पटापट लिहिते. पुढच्या आठवड्यात आम्ही थीम पार्कला चाललोय. तिकिटं तारीख टाकून काढलेली आहेत, बदलून मिळत नाहीत, नवऱ्याला रजा याच दिवसांत आणि मोठ्याला सुट्टीही आत्ताच, त्यामुळे "हिवाळ्यात जा" हा सल्ला प्लीज नको, तो माझ्या आईने तीनदा देऊन झालाय. मोठा ४ वर्षांचा, छोटी दीड वर्षाची. ॲपवर त्या दिवशी ३९ डिग्री दिसतंय.

गेल्या वर्षी अशाच एका पार्कात दुपारी दोनला मोठा लाईनीत उभा असताना एकदम गप्प झाला, मला वाटलं कंटाळला असेल, आणि पाच मिनिटांत भडाभडा ओकला. तेव्हापासून मी धसकाच घेतलाय. किती वाजता जायचं, छोटीच्या दुपारच्या झोपेचं काय करायचं, बाबागाडी न्यायची की कडेवरच, काय काय बरोबर ठेवायचं, जे सुचेल ते सांगा.

दोन_पोरांचा_बाप

सगळ्यात आधी "पैसे वसूल" हे डोक्यातून काढून टाका. आमचा पहिल्या वेळी तिथेच घोळ झाला, एवढं तिकीट काढलंय तर सकाळी दहा ते रात्री बंद होईपर्यंत थांबायचंच असं ठरवून गेलो आणि चारच्या सुमारास आम्ही चौघंही एकमेकांवर खेकसत होतो, धाकटा जमिनीवर लोळून भोकाड पसरतोय, बायको माझ्याशी बोलत नाहीये.

नंतर जे जमलं ते सांगतो. गेट उघडायच्या अर्धा तास आधी दारात हजर राहायचं. आत शिरल्या शिरल्या सगळे लोक गेटाजवळच्या पहिल्या राईडला चिकटतात, तिथे थांबायचं नाही, तडक सगळ्यात लांबच्या टोकाला जायचं आणि तिथून उलटं येत राहायचं. पहिल्या दोन तासांत जेवढं होतं तेवढं नंतर अख्ख्या दिवसात होत नाही. साडेअकराच्या आसपास उघड्यावरचं सगळं बंद. जवळपास मुक्काम असेल तर सरळ रूमवर जा, अंघोळ, जेवण, झोप, आणि पाचनंतर परत या. फक्त त्याच तिकिटावर परत आत सोडतात का ते आधी विचारून घ्या, काही ठिकाणी हातावर शिक्का मारतात, काही ठिकाणी सोडतच नाहीत. नसतील सोडत तर एसीमधले शो, बंदिस्त राईड हे सगळं दुपारसाठी राखून ठेवा, सकाळी त्यात वेळ घालवू नका.

आणि हो, घरीच मोठ्याची उंची मोजा. वयावर नाही, उंचीवर सोडतात. तासभर उन्हात उभं राहून पट्टीपाशी दोन सेंटीमीटर कमी भरलं की जे रडणं होतं ना, ते आम्ही भोगलंय.

उगाच_एक

३९ मध्ये दीड वर्षाचं बाळ? तिला काय कळणार आहे त्यातलं. आजीकडे ठेवा की.

दमलेली_आई

@उगाच_एक आजीच बरोबर येतेय. सगळ्यात जास्त उत्साह तिलाच आहे :)

रात्रपाळीवाली

मी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे म्हणून तुमच्या गेल्या वर्षीच्या किश्श्यावर थोडं सविस्तर लिहिते. "एकदम गप्प झाला" हे जे तुम्ही लिहिलंय ना, तीच ऊन लागल्याची खूण. मोठी माणसं म्हणतात मला गरगरतंय, पोरं म्हणत नाहीत. ती एकतर उगाच चिडचिड करतात नाहीतर मलूल होतात. डोकं दुखणं, मळमळ, चेहरा पांढरा पडणं, पायात गोळे, हे सगळं त्यातच आलं. मुलांचं अंग आपल्यापेक्षा लवकर तापतं, वजनाच्या मानाने त्यांची कातडी जास्त आणि घाम कमी, शिवाय बाबागाडीत बसलेलं किंवा बोट धरून चालणारं पोर तापलेल्या फरशीच्या जास्त जवळ असतं.

असं काही दिसलं की लाईन सोडायची, पुढे दोनच माणसं असली तरी सोडायची. सावलीत किंवा एसीत न्यायचं, बूट मोजे आणि जास्तीचे कपडे काढायचे, आडवं करून पाय जरा वर, अंगावर पाणी मारून वारा घालायचा आणि घोट घोट प्यायला द्यायचं. अर्ध्या तासात पोर टवटवीत व्हायला हवं. नाही झालं तर पार्कचा प्रथमोपचार कक्ष गाठा (कुठे आहे ते आत शिरतानाच बघून ठेवा, नंतर नकाशात सापडत नाही). आणि बडबडायला लागलं, हाक मारून नीट बघत नसेल, झटका आला, अंग भट्टीसारखं तापलं तर तो उष्माघात, तिथे अर्धा तास बिलकुल थांबायचं नाही, ॲम्ब्युलन्स बोलवायची आणि ती येईपर्यंत अंगावर पाणी ओतत राहायचं. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाचं औषधही देऊ नका, या तापावर ते चालत नाही, हा ताप आतून आलेला नसतो.

पाणी तहान लागल्यावर नाही, दर १५-२० मिनिटांनी दोन-चार घोट. छोटीचं डायपर बघत राहा, पाच-सहा तास कोरडं राहिलं किंवा शू गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय. ओआरएसची पुडी जवळ असू दे, पण पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात पूर्ण पुडी, अर्ध्या पाण्यात घट्ट करून देणारे लोक मी रोज बघते.

कडेवरची_भाची

बाबागाडी न्याच. कडेवर घेतलं की दोघांचं अंग एकमेकांना तापवतं, अर्ध्या तासात दोघंही घामाने चिंब. पण गाडीवर ऊन लागू नये म्हणून जाडजूड ओढणी सगळीकडून गुंडाळून टाकतात ना, ते नका करू. मीही करायचे. सिडनी विद्यापीठातल्या लोकांनी २०२३ मध्ये हे मोजून बघितलं होतं, कोरडं कापड टाकलं की गाडीतलं तापमान उलट वाढतं, आणि तेच कापड ओलं करून सोबत छोटा क्लिपवाला पंखा लावला की चांगलं चार-पाच डिग्रीने उतरतं. मात्र कापड वाळलं की पुन्हा भिजवायला लागतं आणि हवा खेळायला बाजू उघडी ठेवायची. हवा दमट असेल तर याचा फारसा उपयोग होत नाही, पाणी उडायला तर पाहिजे.

बाकी सुटं सुटं: रात्री अर्धी भरलेली बाटली फ्रीझरमध्ये आडवी ठेवा, सकाळी वरून पाणी घाला, दुपारपर्यंत गार राहते. मागे मानेवर झालर असलेली टोपी, साधी कॅप कान आणि मान उघडी टाकते. सनस्क्रीन निघायच्या आधी लावायचं आणि दर दोन तासांनी परत, पाण्यात खेळून आलं की लगेच परत, कान आणि पावलांची वरची बाजू हमखास राहते. पाण्याच्या भागात पायात काहीतरी हवंच, ओल्या पायाने पळत पळत तापलेल्या फरशीवर आलं की चटका बसतो. द्राक्षं फ्रीज करून डब्यात न्या, पोरं आवडीने खातात.

आणि गेटवरच दोघांचा फोटो काढा, त्या दिवशीच्या कपड्यांत. हरवलं तर "निळा शर्ट होता, नाही हिरवा" असं होतं त्या वेळी.

रात्रपाळीवाली

बाकी सगळं पटलं, पण द्राक्षं दोघांनाही अख्खी देऊ नका. घशात अडकायला तो अगदी नेमका आकार आहे, गोठलेलं तर दगडच. उभी चिरून चार फोडी करा, छोटीला मऊ झाल्यावरच द्या.

दमलेली_आई

बापरे, द्राक्षांचं माझ्या डोक्यातही आलं नसतं. सगळ्यांना खूप खूप थँक्यू. सध्या असं ठरतंय की साडेआठला गेटवर, साडेअकराला बाहेर, मुक्काम दहा मिनिटांवर आहे त्यामुळे झोप तिथेच, आणि परत सोडत असतील तर साडेपाचला पुन्हा. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला मग मोठी राईड कधी करायची. त्याला एकच मोठी राईड करायचीये, ती करायला आम्ही सगळे उन्हात उभे का राहू, हा माझा प्रश्न.

दोन_पोरांचा_बाप

त्यावर उपाय आहे. बऱ्याच मोठ्या पार्कांत असं करतात की दोघांपैकी एक जण लाईनीत जातो, दुसरा पोरं घेऊन सावलीत, आणि पहिला आला की दुसऱ्याला परत सगळी लाईन न लावता सोडतात. राईडच्या तोंडाशी जो माणूस उभा असतो त्याला आधीच विचारायचं. तुमच्याकडे तर आजी आहेत, म्हणजे तुम्ही दोघं एकत्रच जा, एकदाची चैन.

अजून एक, परत निघताना. पार्किंगमध्ये दिवसभर उभी असलेली गाडी उघडली की पोरांना लगेच आत कोंबू नका. आधी सगळी दारं उघडा, एसी लावा, आणि सीटच्या पट्ट्याचं धातूचं बक्कल हाताने बघा, आमच्या धाकट्याच्या मांडीवर त्याचा डाग आठवडाभर होता. आणि "दोन मिनिटं सामान ठेवतो" म्हणून पोराला आत बसवून दार लावायचं तर अजिबातच नाही, दहा मिनिटांत आतलं तापमान दहा डिग्रीने चढतं, काच थोडी खाली असली तरी.

दमलेली_आई

आजीला वाचून दाखवलं. म्हणे तुम्ही दोघं कशाला, त्या राईडला मीच जाते, पोरं तुम्ही बघा. आता तिच्या बीपीचं काय ते विचारायला नवीन धागा काढावा लागणार. छोटी उठली, पळते.